गोणपाटाखालची लाजरी

दिवा आहे तेवढाच राहू दे. मोठा केलास तर मला तुझं तोंड दिसेल, तुला माझं दिसेल, आणि मग हे माझ्याच्यानं सांगून व्हायचं नाही. चहा घे. त्या डब्यात ओटची बिस्किटं असतील, उंदरांनी शिल्लक ठेवली असली तर.

काम अगदी साधं होतं. आमच्या अर्डबेथीच्या चर्चमधल्या कमानीचे सांधे भरायचे होते. मी पाथरवट, माझा बाप पाथरवट, त्यामुळे गावात दगडाचं काही निघालं की 'वॉटी गेडिसला बोलवा' असंच म्हणतात. माझ्या आधी कुणा शहाण्यानं ते सांधे सिमेंटनं भरून ठेवले होते. सिमेंट पाणी आत कोंडून ठेवतं. दगडाला बाहेर टाकायचं असतं ते टाकता येत नाही, मग हिवाळ्यात गारठ्यानं त्याची सालच निघते. असलं काम पाहिलं की माझं डोकं फिरतं. शिवी देत देत मी ते सगळं छिन्नीनं काढलं आणि चुना भरायला घेतला.

घाई होती, कारण माझ्या मिरनचं लग्न तोंडावर आलं होतं आणि त्याच कमानीखाली लागायचं होतं. एकुलती एक मुलगी. उगाच रडत नाही आणि फुगून बसत नाही, अशी हसरी पोर. नवरा इवन, मासेमारीच्या बोटीवरचा, बोलायला लाजतो पण माणूस चांगला. मिरननं मला बजावून ठेवलं होतं, "बाबा, नवीन बूट आधीपासून घालून फीर. माझा हात धरून चर्चमध्ये येताना लंगडलास तर लोक म्हणतील, पोरगी द्यायची नव्हती म्हणून पाय ओढत आला."

ती कमान तू पाहिली असशील. वर नागमोडी नक्षी, आणि दोन्ही अंगांना ओळीनं कोरलेली तोंडं. एक जीभ काढणारा, एक दाढ दुखत असल्यासारखा गाल धरलेला, एकमेकांची शेपटी चावणारे दोन मासे, आणि उत्तरेच्या टोकाला लाजरी. लाजरी म्हणजे दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलेलं एक डोकं. गावात तिच्यावरून विनोद फार. रविवारी गाणाऱ्यांचा सूर गेला की कुणी तरी हळूच म्हणायचं, लाजरीला आधीच कळलं होतं. कुणी रात्रीची दारू उतरायच्या आत प्रार्थनेला आला की म्हणायचं, हिच्याकडून थोडी लाज उसनी घे.

तिच्या अगदी खाली एक बाक आहे. त्यावर गावातलं कुणी बसत नाही. चुकून पाहुणा बसलाच तर चर्चच्या किल्ल्या सांभाळणारी इना क्रॉम्बी, आमची सगळ्यांची इनामावशी, लगबगीनं जाते आणि म्हणते, "तिथं वारा लागतो हो, इकडे या." आता मी त्या भिंतीचा दगड न् दगड हाताळलाय. तिथं वारा लागत नाही. पण लहानपणापासून मीही त्या बाकाला वळसा घालूनच जायचो, आणि का ते कधी विचारलं नाही.

चुन्याचं एक असतं. भरला आणि सोडून दिला असं चालत नाही. तो हळू हळू वाळावा लागतो, नाही तर भुगा होतो. म्हणून वर ओलं गोणपाट टांगायचं आणि ते वाळू लागलं की पुन्हा भिजवायचं. माझी गोणपाटं लाजरीपर्यंत पुरली नाहीत. चांगलं मोठं एक गोणपाट आमच्या कुत्रीनं पिल्लांसाठी फाडून ठेवलं होतं. बाहेर समुद्राकडून धुकं आलेलं, दुकानापर्यंत जायचा कंटाळा. मी पाद्र्यांच्या खोलीत शोधलं. तिथं कोपऱ्यात एक पेटी आहे. फाटक्या गाण्यांच्या पुस्तकांखाली, तळाशी, जाड्याभरड्या कापडाची एक घडी होती. उलगडली तर बाह्या निघाल्या. अंगापेक्षा लांब, बिनगळ्याचा, पिठाच्या पोत्यासारखा झगा. कुणा हमालाचा असेल म्हणून मी तो बादलीत बुडवला आणि लाजरीच्या डोक्यावर टाकून दिला.

भिजल्यावर त्याला वास सुटला. धुराचा आणि... कसं सांगू? आंबलेल्या दुधाचा. बाळंतिणीच्या खोलीत येतो ना, तसला. मी नाक मुरडलं आणि शिडी उतरलो. मागे पाणी ठिबकत होतं, त्या रिकाम्या बाकावर. टप... टप... मी सामान आवरेपर्यंत ठिबकत राहिलं. मधेच ते थांबायचं, आणि ते थांबलं की मला वाटायचं की कुणी तरी श्वास रोखून धरलाय. मी दार ओढून घेतलं आणि घरी जाऊन मटणाचं सूप प्यायलो. त्या दिवशी एवढंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी भिजवायला गेलो. गोणपाटं कोरडी पडली होती, तो झगा मात्र तसाच ओला. हात लावला तर कोमट. आत उबेला काही असावं तसा. मी तो काढला, आणि शिडी उतरताना दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून खांद्यावर टाकला. बस. मी केलं ते एवढंच. आजही विचार करतो की दातात धरला असता तर? खाली टाकला असता तर?

जमिनीला पाय लागले आणि मला लाज वाटली.

हसू नकोस. भीती वाटली असती तर मी समजू शकलो असतो, रिकाम्या चर्चमध्ये भीती वाटते माणसाला. मला लाज वाटली. कानशिलं तापली, मान आपोआप खाली गेली. भर बाजारात कुणी अंगावरचे कपडे ओढून काढावेत आणि आपलंच चुकलेलं असावं, तशी. झगा खांद्यावरून फेकून दिला, तरी ती गेली नाही. मी वर पाहिलं. कुणी पाहत नाही ना, याची खात्री करायला पाहिलं खरं तर.

लाजरीचे हात खाली आले होते.

हनुवटीखाली एकावर एक ठेवलेले. आणि तोंड उघडं. कोवळ्या मुलीचं तोंड, गालावर अजून बाळसं असलेलं. डोळे मिटलेले, आणि चेहऱ्यावर... सुटका. दिवसभर उभं राहिल्यावर कुणी बसायला सांगितलं की येते ना, तसली. मी दगड कोरतो, बाबा. मला माहीत आहे, त्या हातांच्या मागे तोंड नव्हतंच. हात आणि डोकं एकाच दगडाचं, मधे छिन्नी जायला जागाच नव्हती. मी आदल्या दिवशी तिथं बोट फिरवलं होतं. तरीही मी ओरडलो नाही, पळालो नाही. मला तेव्हा एकच वाटत होतं, की कुणी यायच्या आत इथून निघावं, कारण आलेल्या माणसाला माझ्याकडे बघताच सगळं कळेल.

काय कळेल? तेच तर मला कळत नव्हतं.

मग सुरू झालं ते. खाटकाकडे गेलो, सॉसेज मागायला तोंड उघडेना. तो म्हणाला, "वॉटी, काय रे, बरा आहेस ना?" आणि मला वाटलं, याला कळलं. पैसे ठेवून तसाच बाहेर आलो. रस्त्यात कुणी हाक मारली की मी पलीकडे जायचो. आरशासमोर दाढी करता येईना. झोपताना मी एकेक आठवत बसायचो, काय केलंय मी? लहानपणी सलगम चोरले ते आठवले. मेव्हण्याची छिन्नी हरवून नाही म्हणालो, ते आठवलं. तरुणपणीच्या एकदोन गोष्टी, जाऊ दे. एकही त्या लाजेच्या मापाची नव्हती. खरं सांगतो, मला एखादं पाप सापडावं असं वाटायला लागलं. पाप असतं तर कबूल तरी करता आलं असतं.

आयली, माझी बायको, फार हुशार बाई. दोन दिवस तिनं नुसतं पाहिलं. मग भांडी घासता घासता, पाठमोरीच विचारलं,

"कोण आहे ती?"

"कोण नाही गं."

"मग माझ्याकडे बघ आणि सांग."

मला बघता आलं नाही. देवाशपथ, इतक्या वर्षांत त्या बाईशी मी कधी खोटं वागलो नाही, आणि मला बघता आलं नाही. तिनं हात पुसले आणि आपली उशी उचलून मिरनच्या खोलीत गेली.

सकाळी मिरन माझ्या शेजारी पायरीवर येऊन बसली. "बाबा, मला काही सांगू नकोस. मला काही ऐकायचं नाही. फक्त लग्नाच्या दिवशी माझा हात धरून आत येशील ना?"

मी बुटांकडे बघत राहिलो. सगळं गाव बाकांवर बसलेलं, मागे वळून बघणारं, आणि मी मधून चालतोय... नुसत्या विचारानं मी बुटांच्या नाड्या सोडायला लागलो.

"तू नाही आलास तर मी पण जाणार नाही," ती म्हणाली. "सांगून ठेवते. इवनला म्हणेन, माशांशी कर लग्न." हसली, पण आवाज फुटला होता तिचा.

म्हणून मी इनामावशीकडे गेलो. तिच्या दारात उभा राहिलो आणि जमिनीकडे बघत सगळं सांगू लागलो. तिनं मधेच थांबवलं.

"लाजरीवर काय टाकलंस म्हणालास?"

"झगा. पेटीतला. गोणपाटाचा."

ती मटकन खुर्चीत बसली. "अरे मेल्या, त्याला हात लावतात होय? तो पश्चात्तापाचा झगा. माझी आजी सांगायची. पूर्वी कुणाचं वाकडं पाऊल पडलं की अंगात तो घालायचा आणि त्या बाकावर बसायचं, लाजरीखाली. सगळ्या गावासमोर. ठरलेले रविवार बसून झाले की पाद्री म्हणायचा, तुला क्षमा आहे, ऊठ. मग झगा उतरायचा. ते म्हटल्याशिवाय उतरत नाही, असं म्हणायची आजी."

"आणि शेवटचं कोण बसलं होतं?"

"गिरणीवरची एक पोरगी. तिला लग्नाआधीच दिवस गेले, पुढे ते मूल कुणी पाहिलं नाही. शेवटच्या रविवारी पाद्र्यानं तोंड उघडायच्या आधीच ती उठली आणि झगा तसाच अंगात घेऊन दारातून निघून गेली. झगा नदीत मिळाला. ती नाही मिळाली."

"नाव काय तिचं?"

"नाव?" इनामावशीनं आठवायचा प्रयत्न केला. तिचा चेहराही उतरला. "बघ ना. लाज तेवढी लक्षात ठेवली आम्ही. नाव कुणी सांगितलंच नाही."

मग तिनंच उपाय काढला. "तिचं राहिलेलं तू पुरं कर. येत्या रविवारी बस तिथं. पाद्र्याकडून म्हणवून घे आणि मोकळा हो."

पाद्री पिटकेर्न आधी तयार होईना. भला माणूस, मृदू बोलणारा, मला वॉटी न म्हणता पूर्ण नावानं वॉल्टर म्हणणारा. म्हणाला, "वॉल्टर, आमच्या लोकांनी त्या बाकावर जे केलं त्याची मलाच शरम वाटते. ते पुन्हा कसं करू मी?" मी म्हटलं, "पाद्रीबुवा, माझ्या पोरीचं लग्न आहे हो." त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि 'बरं' म्हणाला.

रविवारी मी तो झगा अंगात घातला. अजून ओलाच होता. चर्चमधून उचलून आणून चुलीपाशी टांगला, तरी वाळला नव्हता. तोच वास, धुराचा आणि दुधाचा. मी बाकावर बसलो आणि गाव आत यायला लागलं. कुणाला काही सांगितलं नव्हतं. माणसं यायची, मला बघायची, आणि बोलता बोलता गप्प व्हायची. खाटीक आला. मेव्हणा आला. आयली आली नाही. मिरन आली, सरळ पुढच्या बाकावर बसली, आणि वळून माझ्याकडे बघत राहिली. सगळ्या चर्चमध्ये फक्त तिच्या नजरेत 'काय केलं असेल यानं' हे नव्हतं. माझ्या डोक्यावर पाणी ठिबकत होतं. वर गोणपाट नव्हतं तेव्हा. मी वर पाहिलं नाही.

प्रवचन कधी संपलं मला कळलं नाही. पाद्री माझ्यासमोर येऊन उभा राहिला होता.

"वॉल्टर गेडिस, तुला क्षमा आहे. ऊठ."

आणि गेलं रे. दिवसभर चावलेला बूट काढावा तसं गेलं. मी श्वास घेतला. मान वर केली. समोर माझं गाव होतं, नेहमीचंच, सर्दीनं नाकं लाल झालेलं. खाटीक डोळे पुसत होता. मी हसलो. मेव्हण्याला म्हटलं, "तुझी छिन्नी मीच हरवली होती." तो म्हणाला, "ते सगळ्या गावाला माहीत आहे, गाढवा." लोक हसले. मला इतकं हलकं वाटत होतं, की झगा काढून हातात धरून मी नाचलो असतो.

"दे इकडे," मिरन म्हणाली. "केवढा भिजलायस. न्युमोनिया होऊन लग्नात खोकत बसशील." तिनं तो माझ्या हातातून घेतला, गालिच्यावर पाणी पडू नये म्हणून दोन्ही हातांनी छातीशी धरला, आणि माझ्या पुढे दाराबाहेर गेली. मी दोघातिघांशी हात मिळवले, इनामावशीला मिठी मारली आणि मागोमाग गेलो.

बाहेर धुकं होतं. ती दाराशेजारी भिंतीला पाठ लावून उभी होती. झगा तिनं कडेवर घेतला होता... घडी करून हातावर नाही, कडेवर. थोपटत होती.

"मिरन, चल, आईला सांगू या."

तिनं मान वर केली नाही. "सगळ्यांना माहीत आहे का?" तिनं विचारलं.

"काय गं?"

"मी काय केलं ते." आवाज मिरनचा नव्हता. जुनी बोली होती, माझी आजी बोलायची त्याच्याही आधीची, आणि मला शब्द न् शब्द कळत होता. "माझं बसून झालं ना? मग मला का नाही म्हणाला तो? तुला म्हणाला. मी ऐकलं. तुझं नाव घेऊन म्हणाला."

"मिरन..."

"मिरन नाही. माझं नाव विचार ना. कुणी विचारतच नाही. मी सांगते, मोठ्यानं सांगते सगळ्यांना, थांब. मी नाव पण सांगते, बाळाच्या बापाचं पण सांगते, आणि बाळाला कुठे..."

तेवढ्यात मागे दार उघडलं. लोक बाहेर यायला लागले. इवनची आई पुढे होती, नवी टोपी घातलेली. आणि मी... आता तूच सांग, बाप काय करील? व्याह्यांच्या समोर, सगळ्या गावासमोर, लग्न तोंडावर आलेलं. मी पुढे झालो आणि पोरीच्या तोंडावर हात दाबून धरला.

"काय झालं हो हिला?" इवनच्या आईनं विचारलं.

"थंडी वाजतेय," मी म्हणालो. "दुसरं काही नाही. दात वाजतायत तिचे."

लोक हसत हसत जवळून गेले. मी मोकळ्या हातानं एकेकाचा निरोप घेत होतो. आणि दुसऱ्या हाताच्या तळव्याखाली तिचे ओठ हलत होते. एकच शब्द, पुन्हा पुन्हा, तोच. नावच असणार ते. मी हात काढला असता तर मला ऐकू आलं असतं.